रेनफ्रोची मान

ओरिनचं आडनाव मला माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं त्याच्या शेजारी बसलो, एकोणीस वर्षं त्याच्याशी वाद घातला, पण आडनाव विचारायची कधी गरजच पडली नाही. आमच्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये, पश्चिमेच्या बाजूला, बावीस नंबरच्या भागात, एकतिसाव्या ओळीत माझी जागा चौदा आणि त्याची तेरा. जागा म्हणजे खुर्ची नव्हे. ॲल्युमिनियमचा लांबलचक बाक आणि त्यावर रंगवलेले आकडे. दोन आकड्यांत अंतर इतकं कमी की नोव्हेंबरात जाड कोट घातले की माझा डावा खांदा त्याच्या उजव्या खांद्याला टेकायचा, तो सामना संपेपर्यंत टेकलेलाच असायचा.

अमेरिकन फुटबॉलचे, आमच्याच मैदानावरचे म्हणजे घरचे सामने, वर्षाला सात. म्हणजे वर्षातले सात शनिवार आमची भेट. बाकीच्या दिवसांत तो काय करतो हे त्यानं फारसं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही. उत्तरेकडून दोन तास गाडी हाकत येतो, थोडी गुरं आहेत, एक गुडघा बदललाय, जनेल नावाची मुलगी आहे, आणि खारवलेल्या सूर्यफुलाच्या बिया खात सालं कागदी पेल्यात थुंकतो. एवढी माझी माहिती. त्याला माझी याहून कमी असेल.

मी मर्विन टाल्बट. एकतीस वर्षं धान्याच्या कोठारावर मक्याची प्रत ठरवायचं काम केलं. ट्रक आला की त्यात नळी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, ओल बघायची, फुटके दाणे वेगळे काढायचे आणि शेतकऱ्याला तोंडावर सांगायचं की तुझा माल दुसऱ्या प्रतीचा. असं काम करणाऱ्याला गावात फार मित्र नसतात. माझी बायको ग्लेंडा बारा वर्षांपूर्वी ॲरिझोनाला निघून गेली. जाताना म्हणाली, तुझ्याशी बोलायचं म्हणजे दर वेळी वजनकाट्यावर उभं राहायचं. तिचं खोटं नव्हतं. ओरिनला मात्र माझं तसलं बोलणं चालायचं. नुसतं चालायचं नाही, तो त्यासाठीच येतो असं मला वाटायचं.

कारण वाद घालायला त्याच्याइतका पक्का माणूस मी पाहिला नाही. आवाज चढवायचा नाही, हातातल्या बिया संपल्याशिवाय उत्तर द्यायचा नाही. मी पाच मिनिटं तावातावानं बोलावं, त्यानं पेल्यात साल थुंकावं आणि म्हणावं, "झालं तुझं?" की मी पुन्हा सुरू. आमच्या पुढच्या ओळीतले लोक मागे वळून हसायचे. सामना हरलो तरी तो शनिवार मला वाया गेला असं कधी वाटलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात, घरच्या शेवटच्या सामन्यात, कोल्बी रेनफ्रो पहिल्यांदा मैदानात आला. आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य गडी, खांदा धरून बाहेर गेला होता, सामना तर कधीच हातचा गेला होता, म्हणून हे पोर उतरवलं. उंच, हडकुळं, शिरस्त्राणात डोकं हरवल्यासारखं दिसणारं. वय अठरा. त्यानं अकरा वेळा चेंडू फेकला. हात जबरदस्त होता, ते मीही मान्य केलं. पण प्रत्येक वेळी चेंडू हातात आला की पोराची नजर ठरलेल्या एकाच गड्यावर. तो गडी मोकळा असला तर ठीक, पण त्याला समोरच्यांनी झाकलं तरी हा तिकडेच बघत उभा. दुसरीकडे दोन गडी मोकळे धावतायत, हात हलवतायत, आणि याला पत्ता नाही.

"मान वळत नाही याची," मी म्हणालो. "हा कधी होणार नाही."

ओरिननं बराच वेळ बिया चघळल्या. मग म्हणाला, "तू हाताकडे बघतोयस, मानेकडे बघतोयस. त्याच्या पायांकडे बघ. अंगावर चार धटिंगण धावून येतायत आणि त्याचे पाय शांत आहेत. पाय घाबरट असले तर इलाज नाही. मान काय, वळेल."

"एकतीस वर्षं मूठभर दाण्यांवरून ट्रक ओळखलाय मी."

"दाणा उद्या बदलत नाही, मर्विन. पोरगं बदलतं."

सामना संपेपर्यंत हेच चाललं. जिन्याच्या तोंडाशी तो डावीकडे वळतो, मी उजवीकडे. तिथं नेहमीसारखा थांबून म्हणाला, "पुढच्या वर्षी बघू." मी म्हणालो, "बघूच." त्याच्यानंतरचा हिवाळा मोठा गेला. बर्फ उपसताना, दुकानात रांगेत उभा असताना, मी मनातल्या मनात ओरिनला उत्तरं देत होतो. एप्रिलपर्यंत माझ्याकडे इतके मुद्दे साठले होते की पुठ्ठ्यावर लिहून ठेवावे लागले.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी मी अर्धा तास आधीच जागेवर जाऊन बसलो. रेनफ्रो आता पहिल्या पसंतीचा क्वार्टरबॅक झाला होता, सगळ्या राज्यात त्याचीच चर्चा. तेरा नंबरवर कोणी आलं नाही. पहिला डाव झाला, दुसरा झाला. मी मध्यंतरापर्यंत जिन्याकडे बघत होतो. दुसऱ्या सामन्याला तिथं एक दात तपासणारा डॉक्टर येऊन बसला. तिकीट त्यानं फोनवरून घेतलं होतं, आधी कोणाची जागा होती हे त्याला काय माहीत. सगळा वेळ तो रुग्णांच्या हिरड्यांबद्दल बोलला.

तिसऱ्या सामन्यात ती गोष्ट घडली. आम्ही चार गुणांनी मागे होतो, वेळ संपत आलेली. रेनफ्रोच्या हातात चेंडू आला. पहिला गडी झाकलेला. मी म्हटलं, संपलं. आणि पोरानं मान वळवली. सावकाश, रस्ता ओलांडताना वळवावी तशी. दुसऱ्याकडे बघितलं, तोही झाकलेला. मग अगदी पलीकडच्या कोपऱ्यात तिसरा होता, त्याच्याकडे चेंडू असा गेला की त्या गड्याला फक्त हात पुढे करायचे होते. टचडाउन, एका फटक्यात सहा गुण. सत्तर हजार माणसं उठली, अनोळखी लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी डावीकडे वळलो आणि तोंड उघडलं. तिथं बारा-तेरा वर्षांची एक मुलगी वडिलांच्या गळ्यात पडली होती. मी तोंड मिटलं.

मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की ओरिन, तुझं बरोबर होतं. माझ्यासारख्या माणसाच्या तोंडून हे वाक्य कितीदा निघतं? ग्लेंडाला मी ते एकदाही म्हटलं नाही. आता ते तयार होतं, अगदी जिभेवर, आणि ऐकणारा जागेवर नव्हता.

सोमवारी मी तिकीट खिडकीवर गेलो. तिथला पोरगा नम्र होता. आडनाव विचारलं. मी म्हटलं, ते नाही, पण भाग बावीस, ओळ एकतीस, जागा तेरा. तो म्हणाला, माफ करा, कोणत्या जागेवर कोण होतं हे आम्हाला सांगता येत नाही. तुम्ही नातेवाईक आहात का? मी क्षणभर विचार केला आणि नाही म्हणालो. शेजारी आहे म्हणालो. कुठे राहता, त्यानं विचारलं. मग काय सांगणार, त्याचे आभार मानून बाहेर पडलो.

मग वाचनालयात बसून उत्तरेकडच्या तालुक्यांतली वर्तमानपत्रं काढली आणि निधनवार्ता वाचल्या. डिसेंबरपासून सप्टेंबरपर्यंत दोन ओरिन गेले होते. एक एक्याण्णव वर्षांचा, दुसरा चव्वेचाळीसचा. दोघांचे फोटो निरखून पाहिले. आपला नव्हता म्हणून बरं वाटलं आणि लगेच लाजही वाटली, कारण त्या दोघांचंही कोणीतरी होतंच ना.

मग मला बक टिलमनच्या कार्यक्रमाची आठवण झाली. दर सोमवारी संध्याकाळी सहा ते आठ रेडिओवर बक बसतो आणि राज्यभरातले लोक फोन करून फुटबॉलवर भांडतात. ओरिन एकदा म्हणाला होता की गुरांना चारा टाकताना तो बकला ऐकतो. फोन मात्र कधी करत नाही, फोन करणारे सगळे रिकामटेकडे. माझंही मत तेच होतं. पण आता तो ऐकत असेल तर तिथंच ऐकत असेल.

सरळ सांगता आलं असतं. बक, मला ओरिन नावाचा एक माणूस शोधायचाय. पण अडुसष्टाव्या वर्षी सगळ्या राज्यासमोर जाऊन म्हणायचं की मला एक माणूस हवाय? ते माझ्यानं होणार नव्हतं. शिवाय मी ओरिनला ओळखत होतो. कोणी कळवळून हाक मारली तर तो संकोचून गप्प बसला असता. कोणी चुकीचं बोललं तर मात्र त्याला राहवलं नसतं. म्हणून मी ठरवलं की चुकीचंच बोलायचं.

"बोला मर्विन," बक म्हणाला. "काय म्हणता आपल्या वाघाबद्दल?"

"कसला वाघ? मान वळत नाही त्याची," मी म्हणालो. "शनिवारी एकदा वळली, ती चुकून. नाताळापर्यंत हे पोर राखीव गड्यांच्या बाकावर बसलेलं असेल. लिहून ठेवा."

बकला असा माणूस हवाच होता. त्यानंतरचा तासभर लोकांनी मला सोलून काढलं. एक खाटीक म्हणाला, या माणसाला पाच मिनिटं माझ्या दुकानात पाठवा. एक शिक्षिका म्हणाली की असल्या लोकांमुळे मुलं बिघडतात. बकनं माझं नाव ठेवलं, कडू मर्विन. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी रेडिओ घेऊन बसलो होतो आणि प्रत्येक नव्या आवाजाला कान टवकारत होतो. तो आवाज काही आला नाही.

पुढच्या सोमवारी पुन्हा फोन केला. त्याच्या पुढच्या सोमवारीही. ओरिनला चीड येईल असं काय काय बोलता येईल ते मी आठवडाभर जुळवायचो. जुना पुठ्ठा त्यासाठी उपयोगी पडला, गेल्या वर्षीचे माझे खरे मुद्दे आता खोटे म्हणून वापरायचे. रेनफ्रोचे पायसुद्धा काही शांत नाहीत, असंही म्हणालो. हे बोलताना मला स्वतःचीच किळस आली, कारण पोराचे पाय मी आता नीट पाहिले होते आणि ते खरोखर शांत होते. पण म्हटलं, हे ऐकल्यावर ओरिन हातातली चाऱ्याची बादली टाकून फोनकडे धावेल.

गंमत अशी, की त्या दिवसांत माझ्याशी जितके लोक बोलले तितके गेल्या दहा वर्षांत बोलले नसतील. दुकानातली गल्ल्यावरची बाई आवाजावरून ओळखायला लागली. न्हाव्यानं केस कापताना हुज्जत घातली. सगळे हसून बोलायचे, पाठीवर थाप मारायचे. घरी आलो की घर होतं तसंच असायचं. माझ्या घरात फ्रिजचा आवाज फार येतो हे मला त्याच वर्षी कळलं.

एकदा एका वार्ताहरानं रेनफ्रोलाच विचारलं, कडू मर्विन तुझ्याबद्दल काय म्हणतो ऐकलंस का. टीव्हीवर दाखवलं ते. पोरानं मानेमागे हात नेला, जरा हसला आणि म्हणाला, "ते काका बरोबरच बोलतायत. मान वळवायला मी अजून शिकतोय." मी टीव्ही बंद केला. एकोणीस वर्षांचं लेकरू, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मी त्याला आमिष म्हणून गळाला लावला होता. त्या आठवड्यात फोन करायचा नाही असं ठरवलं. सोमवार आला आणि केला.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही बाहेरगावचा सामना खेळलो आणि तिथं पोराचं सगळं बिघडलं. भर पावसात त्यानं तीन वेळा चेंडू समोरच्यांच्या हातात दिला. तिन्ही वेळा नजर एकाच गड्यावर खिळलेली. सोमवारी बकचा कार्यक्रम सुरू झाला तर सगळं राज्य उलटलेलं. तो खाटीक म्हणाला, कडू मर्विनची माफी मागतो. शिक्षिका म्हणाली, मी आधीपासूनच साशंक होते. प्रत्येक जण माझं वाक्य माझ्यासमोरच फेकत होता, मान वळत नाही, मान वळत नाही. मी टेबलाशी बसून होतो. आता पोराच्या बाजूनं बोलणारा मी एकटा उरलो होतो आणि नेमकं मलाच बोलता येत नव्हतं. बोललो असतो तर ओरिनला फोन करायला कारणच उरलं नसतं. मी नेहमीचा नंबर फिरवला आणि नेहमीचं बोललो. आवाजात दम नव्हता.

"थांबा मर्विन, फोन ठेवू नका," बक म्हणाला. "लाइनवर एक जण आहेत. म्हणतायत, स्टेडियममध्ये तुमच्या शेजारी बसायचे."

"मर्विन?" आवाज आला. "अरे, ओरिन बोलतोय. तेरा नंबर."

मी उठून उभा राहिलो. घरात कोणी नसताना मी उभा का राहिलो कुणास ठाऊक. म्हणालो, "बरा आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? जनेल म्हणत होती, तो रेडिओवरचा कडू मर्विन म्हणजे तुमचा शेजारी तर नव्हे? मी म्हटलं छे, आमचा मर्विन फोन करणाऱ्यातला नाही. पण आज बऱ्याच दिवसांनी रेडिओ लावला, ते मानेचं ऐकलं आणि म्हटलं, हाच तो."

"तू जागेवर नाहीस यंदा."

"हां, ते होय. जनेलनं पूर्वेकडे आठ जागा एकत्र घेतल्या. जावई, नातवंडं, सगळी पलटण. तिकडे ऊन असतं, गुडघ्याला बरं पडतं. तुला सांगायचं राहूनच गेलं बघ."

राहून गेलं. मी ते दोन शब्द कानात घेऊन उभा होतो. त्याच्या आवाजात काहीच वाकडं नव्हतं. तो टाळत नव्हता, रागावलेला नव्हता, आजारी नव्हता. माणसाचं एखादं काम राहून जातं, तसा मी राहून गेलो होतो.

बकला घाई होती. तो म्हणाला, "ओरिन, मुद्द्याचं बोला. रेनफ्रो."

"त्यासाठीच फोन केला. मर्विन, तू जिंकलास. गेल्या वर्षी मी म्हणत होतो मान वळेल. नाही वळत. तुझं बरोबर होतं, माझं चुकलं."

माझं वाक्य. मी सप्टेंबरपासून जिभेवर धरून ठेवलेलं वाक्य त्यानं मलाच देऊन टाकलं.

"नाही," मी म्हणालो. "नाही ओरिन. मी खोटं बोलत होतो."

"काय म्हणालात?" बकनं विचारलं.

"इतके सोमवार मी खोटं बोलत होतो. तिसऱ्या सामन्यात त्यानं मान वळवली, तिसरा गडी शोधला, मी डोळ्यांनी पाहिलं. ओरिन, तेव्हाच मला पटलं. तुला तेच सांगायचं होतं. वळलो तर तू नव्हतास. तिकीट खिडकीवर विचारलं, पेपरात शोधलं. तुझं आडनाव मला माहीत नाही. म्हटलं, पोराला नावं ठेवली तर तू चिडशील आणि फोन करशील."



"अरे," ओरिन म्हणाला. आवाज अगदी हळू. "मी कुठे गेलो होतो? मी तर समोरच बसलेलो होतो की."

"ते मला कुठे ठाऊक."

"नाही, खरंय." मी वाट बघत होतो की तो आता साल थुंकेल आणि म्हणेल, झालं तुझं? मग मी सुरू करीन. मी त्याला वादाचं आयतं निमित्त देऊनही पाहिलं. म्हणालो, "मग आता मी त्याच्या बाजूनं आणि तू विरुद्ध. बोल."

तो हसला, प्रेमानंच हसला. "जाऊ दे रे. नातू शेजारी बसतो, दर डावाला विचारतो आजोबा हे काय, आजोबा ते काय. त्यातच सामना संपतो. पोरगं असेल तसं असेल." मग त्यालाच काहीतरी वाटलं असावं. "असं कर, शनिवारी सुरुवातीच्या किकला आमच्याकडे बघ. भाग छत्तीस, खालून दहावी ओळ. मी हात वर करतो. तूही कर."

"करतो," मी म्हणालो.

बक म्हणाला, मंडळी, एका छोट्या विश्रांतीनंतर परत येऊ, आणि ट्रॅक्टरच्या टायरांची जाहिरात लागली. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आडनाव आताही विचारलं नाही. पुन्हा फोन लावून बककडे फोन उचलणाऱ्या मुलीला विचारता आलं असतं. नाही लावला.

शनिवारी घरचा शेवटचा सामना होता. स्वच्छ, थंडगार दुपार. पश्चिमेची बाजू अडीचलाच सावलीत जाते, आमचे पाय गारठलेले, आणि समोरची सगळी पूर्व बाजू लख्ख उन्हात. मी दुर्बीण नेली होती. खरं सांगायचं तर नवीन टोपीही घातली होती, ठळक पिवळी, म्हणजे तिकडून मी ओळखू यावा. आमच्याकडे सामन्याला सगळे किरमिजी घालतात, त्यात पिवळी टोपी म्हणजे वेडेपणाच. मागच्या ओळीतला एक जण काहीतरी बोलला, मी लक्ष दिलं नाही.

भाग छत्तीस सापडला. खालून ओळी मोजल्या, आठ, नऊ, दहा. दुर्बीण स्थिर धरायला कोपर गुडघ्यावर टेकवलं आणि एकेक चेहरा बघत गेलो. किरमिजी कोट, किरमिजी टोप्या. लहान मुलांजवळ बसलेले म्हातारे त्या ओळीत तीन होते. तिघांच्याही डोळ्यांवर ऊन होतं, तिघांनीही कपाळावर हात धरलेला. मी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात राहिलो, पुन्हा पहिल्याकडे आलो. एकोणीस वर्षं मी ओरिनला बाजूनं पाहिलं होतं. त्याचा उजवा गाल, कानापाशी राहिलेले दाढीचे केस, बिया चावताना हलणारा जबडा, हे मला पाठ होतं. समोरून तो कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आम्ही दोघंही कायम मैदानाकडे तोंड करून बसलेले.

म्हटलं, हरकत नाही, हात वर करेल त्यावरून कळेल.

किक मारणारा गडी आपल्या जागी गेला. रेनफ्रो कडेला उभा होता, शिरस्त्राण काखेत धरून, पायांनी जमीन चाचपत. ढोल सुरू झाले. आणि मग समोरची पूर्व बाजू, खालच्या ओळीपासून वरच्या कठड्यापर्यंत, उठून उभी राहिली आणि तिनं हात वर केले. सगळ्यांनी. आमच्याकडे किकला सगळेच हात वर करतात, टोप्या धरून, एक लांब आरोळी देत, चेंडू उडेपर्यंत. माझ्या वडिलांच्या काळापासून करतात. मी स्वतः किती वर्षं करतोय. ओरिनला हे सुचलं नाही आणि मलाही नाही, इतकं ते आमच्या अंगवळणी पडलंय. छत्तीस नंबरच्या भागातल्या दहाव्या ओळीत एकही हात खाली नव्हता. ते तिघं म्हातारे उभे होते, तिघांचेही हात वर, आणि तिघंही ओरडत होते.

मीही उभा राहिलो आणि हात वर केला. दुर्बीण दुसऱ्या हातात होती, ती हलत होती, सगळं किरमिजी आणि उन्हाचं एकात एक मिसळून गेलं. माझ्या आजूबाजूलाही सगळे हात वरच होते. त्यातली माझी टोपी त्याला दिसली की नाही कोण जाणे.

तेरा नंबरवर त्या दिवशी एक तरुण बाई होती. तिनं वाकून माझ्या कानाशी विचारलं, "तिकडे तुमचं कोणी आहे का?"

"आहे," मी म्हणालो. "माझा मित्र आहे."

"कुठला हो?"

मी बोट दाखवायला हात पुढे केला. तेवढ्यात किक बसली, चेंडू उडाला आणि समोरचे ते सगळे हात एकदम खाली गेले.